सही आधी, मजकूर मागून

१

त्या दिवशी सकाळी आई चष्म्याच्या काडीला दोरा गुंडाळत बसली होती. काडीचा स्क्रू आदल्या आठवड्यात कुठेतरी पडला होता आणि तेव्हापासून चष्मा तिच्या नाकावर तिरका बसायचा.

"आज दुरुस्त करून टाक बाई तो," मी म्हणाले. "लोक म्हणतील, जगाचे अर्ज सरळ करते आणि स्वतःचा चष्मा वाकडा."

"लोकांना माझा चष्मा दिसत नाही. त्यांना फक्त रांग दिसते." तिने दोरा दातांनी तोडला. "जाते आज चष्मेवाल्याकडे. म्हणून तर नव्या चपला काढल्यात."

आई एकतीस वर्षं एका मोठ्या कचेरीसमोरच्या फुटपाथवर, पत्र्याच्या टपरीत बसून लोकांचे अर्ज लिहून देत असे. आधी टाइपरायटरवर, पुढे जुन्या संगणकावर. तिला सगळे 'अर्जाच्या बाई' म्हणत. नव्या चपला ती टपरीवर कधी नेत नसे. तिथे धूळ फार.

माझा स्वतःचा अर्ज जाऊन तेव्हा सहा आठवडे झाले होते. मी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते. परदेशातल्या एका लॅबने मला नोकरी देऊ केली होती. दीर्घ मुदतीचा निवास-व्हिसा मिळाला की तिथे राहायचं, काम करायचं, पुढे तिथलंच व्हायचं. व्हिसासाठी पाच वर्षांचा अनुभव लागत होता. लॅबच्या मालकांनी अनुभवपत्र दिलं होतं. आता फक्त उत्तराची वाट पाहायची होती, आणि मी ती एखाद्या निकालासारखी पाहत होते.

"तू लॅबमध्ये लागलीस," आईने चष्मा डोळ्यांवर चढवत विचारलं, "तेव्हा माझा हात प्लॅस्टरमध्ये होता ना गं?"

"छे. त्याच्या आधीच लागले होते."

"असं होय," ती म्हणाली आणि माझा डबा पुढे सरकवला.

संध्याकाळी मी परतले तेव्हा ती खुर्चीत बसली होती. चेहरा उतरलेला. चष्म्याला दोरा तसाच होता. दुकान बंद असेल, असं मला वाटलं. विचारलं मात्र नाही.

"उद्या जरा लवकर ऊठ," ती म्हणाली. "बोलायचंय. कामाचं आहे."

"आत्ताच बोल की."

"आत्ता तू दमलीयेस. दमलेल्या माणसाची मी सही घेत नाही, माहितीये ना?"

आम्ही दोघी हसलो.

सकाळी मी लवकर उठले. ती उठली नाही.

२

नऊ दिवसांनी कुरियर आलं. पाकीट जाड होतं. आत माझा पासपोर्ट होता, माझी फाइल होती आणि सगळ्यांत वर एक कागद.

'वरील क्रमांकाचा निवास-व्हिसाचा माझा अर्ज मी स्वेच्छेने मागे घेत आहे. माझी सर्व कागदपत्रे मला परत मिळावीत, ही विनंती.'

खाली माझी सही. डाव्या कोपऱ्यात पोचेचा शिक्का, तारीख आणि वेळ. तारीख त्याच दिवसाची, आईच्या शेवटच्या दिवसाची. वेळ बारा चाळीस.

मी कागद टेबलावर ठेवला. उचलला. परत ठेवला. बारा चाळीसला मी लॅबमध्ये मेणाच्या हिरडीत दात बसवत होते. कामाच्या खोलीत फोन न्यायची बंदी असल्याने माझा फोन कपाटात होता.

व्हिसा केंद्रात फोन लावला.

"मॅडम, अर्ज तुम्हीच मागे घेतलाय," पलीकडची बाई म्हणाली.

"मी नाही घेतला."

"दारातल्या पेटीत पत्र आलं. सही फाइलमधल्या सहीशी जुळली. सही तुमची नाही का?"

"ती पेटीत कोणी टाकली?"

"पेटी आम्हाला नावं सांगत नाही, मॅडम."

मी फोन ठेवून पुन्हा सही पाहिली. माझी सही एका उंच रेघेने सुरू होते. ती वर जाते आणि अर्ध्यात थोडी थरथरते, कारण लहानपणी बोटाला लागलं होतं. या कागदावरही ती तिथेच थरथरली होती. कोणी माझी सही गिरवली असती, तर ही थरथर त्याला जमली नसती.

सही खोटी नव्हती. ती मीच केली होती.

३

आईच्या टपरीला चिकटून भिंगकाकांचं टेबल. ते छापील फॉर्म विकतात. त्याआधी तीस वर्षं बँकेत धनादेशांवरच्या सह्या ताडून पाहायचं काम करत होते. निवृत्त झाले, पण भिंग काही सुटलं नाही. ते अजून गळ्यात दोरीने लटकतं.

"तीस वर्षं दुसऱ्यांच्या सह्या बघितल्या," ते नेहमी म्हणत. "तेवढं बायकोच्या तोंडाकडे बघितलं असतं, तर ती अजून माझ्याशी बोलली असती."

त्या दिवशी मात्र त्यांनी विनोद केला नाही. बंद टपरीकडे एकदा पाहिलं, कागद उन्हात तिरका धरला आणि भिंग लावलं. मी उभी राहिले. मी रहस्यकथा भरपूर वाचल्या आहेत, पण भिंग लावून बसलेला माणूस खरोखर पाहताना हसू येत नाही.

"सही तुझीच," ते म्हणाले. "पण ही वरची रेघ बघ. मजकुराच्या शेवटच्या ओळीला छेदून गेलीय. छपाईची शाई कुठे आहे? पेनाच्या शाईच्या वर. म्हणजे सही आधी, मजकूर मागून."

सही आधी, मजकूर मागून. ही तर याच फुटपाथची रीत. लांबून आलेल्या गिऱ्हाइकाला गाडी गाठायची असते. आई मजकूर त्याला तोंडी वाचून दाखवी, कोऱ्या कागदावर सही घेई आणि त्याला घरी धाडी. छपाई मागून. वाचून दाखवल्याशिवाय मात्र सही केलेल्या कागदावर तिने कधी एक अक्षर छापलं नाही.

"आणि हे," काकांनी सहीखालची जागा उन्हात आणखी तिरपी केली. कागदावर एक फुली दबलेली होती, पेन्सिलीची, नंतर खोडलेली. सही कुठे करायची ते दाखवायला आई अशी फुली मारत असे.

"असे कोरे कागद तू किती सही करून दिले होतेस?"

"आईकडे पाच. पुढे काही पुरवणी पत्र द्यावं लागलं तर, म्हणून. व्हिसा-सल्लागाराकडे दोन. ते दोन्हीही इथेच सही केलेले, फुलीवरच."

काकांनी टपरी उघडली. चावी त्यांच्याकडे होती, दुसरी दादाकडे. आईच्या खणात माझ्या नावाचं फोल्डर होतं. त्यांनी कागद मोजले.

"तीन."

एक आमच्या हातात होता. मग पाचवा कुठे होता?

४

सल्लागाराची केबिन काचेची, आणि भिंतीवर विमानाचा भलामोठा फोटो.

"ताई, माझा धंदा अर्ज पुढे ढकलायचा," तो कळवळून म्हणाला. "मागे घेऊन मी खाऊ काय?"

त्याने खण उपसला. जुनी पाकिटं, तुटका स्टेपलर, आणि तळाशी माझे दोन सही केलेले कागद. एकावर चहाच्या कपाचं गोल वर्तुळ उमटलेलं.

"दोन दिलेत, दोन आहेत. मोजून घ्या."

भिंगकाकांनी दोन्ही पाहिले. "आळशी आहे," ते मला म्हणाले, त्याच्या देखत, "पण खरा आहे."

"काका, टोमणा मारा, पण ऐका," सल्लागार म्हणाला. "ज्यानं हे केलं त्यानं घाव जपून घातलाय. मागे घेतलेला अर्ज कुठे नोंदला जात नाही, उद्या नवा करता येतो. नाकारला तर डाग राहतो. आणि खोटा कागद सापडून नाकारला, तर त्यांचं दार दहा वर्षं बंद."

"इथे खोट्या कागदाचा काय संबंध?" मी म्हणाले.

"संबंध नाही. आपलं सांगून ठेवलं."

तिथून लॅब. मालक एका कवळीची कड घासत होते. समोरच्या ताटलीत आठ-दहा साचे वाळत पडलेले.

"सर, माझा अर्ज कोणीतरी मागे घेतलाय."

त्यांनी घासणं थांबवलं. "बरं झालं," ते म्हणाले आणि लगेच सावरले. "म्हणजे, वाईट झालं."

"बरं कसं काय झालं, साहेब?" काकांनी विचारलं.

"तसं नाही हो. तोंडातून गेलं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मी तुला फोन केला होता. तुझी आई गेली त्याच्या दोन दिवस आधी. मी बाहेर होतो, तुझा फोन कपाटात. मग रजिस्टरमधला दुसरा नंबर लावला. आईंनी उचलला."

"कशासाठी केला होतात?" काका म्हणाले.

मालकांनी कवळी खाली ठेवली. परत माझ्याकडे पाहिलं.

"काका, चला," मी म्हणाले. "इथे काही मिळणार नाही. सरांना हा अर्ज मागे घ्यायचा असता, तरी कोरा कागद मिळाला कुठून असता?"

मुद्दा बरोबर होता. पण काका जागचे हलले नाहीत. त्यांनी मालकांकडे पाहिलंच नाही. ते माझ्याकडे पाहत होते, मघाशी सहीकडे पाहत होते तसे.

५

दादा लिफ्ट दुरुस्त करतो. दोन गल्ल्या सोडून राहतो. माझा अर्ज गेला त्या दिवशी तो म्हणाला होता, "तू ऊड. आईचं दुखणंखुपणं माझ्याच गळ्यात आहे, ते राहू दे." तो चिडला की असंच बोलतो. पण टपरीची दुसरी चावी त्याच्याकडे होती.

काकांना मी बाहेरच थांबवलं. घराच्या दाराशी खुंटीला दादाची कामाची वही टांगलेली असते. कुठली इमारत, कुठली लिफ्ट, किती वाजता. मी त्या दिवसाचं पान उलटलं.

व्हिसा केंद्र ज्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आहे, तिचं नाव होतं. अकरा ते दोन.

"दादा."

तो हात पुसत आला. वही माझ्या हातात पाहिली आणि थबकला.

"बारा चाळीसला तू तिथे होतास."

"ठेव ती वही."

"माझं पत्र तू टाकलंस त्या पेटीत?"

"नाही टाकलं."

"शपथ घे."

"अगं नाही टाकलं!" तो ओरडला आणि मग आवाज खाली आला. "पण कोणी टाकलं ते पाहिलं."

दादा उंबऱ्याजवळ खाली बसला. एवढा मोठा माणूस, पाय जवळ घेऊन.

"मी लिफ्ट बंद ठेवली होती. दोर तपासत होतो. वरून बघतो तर ती जिना चढतेय. कठड्याला धरून, एकेक पायरी. नव्या चपला घातलेल्या, हातात पुठ्ठ्याची फाइल. मी हाक मारली, तर म्हणाली, 'ओरडू नकोस, दम लागलाय.' तीन मजले चढली ती. मी दहा मिनिटं लिफ्ट चालू केली असती तर..."

"दादा."

"स्कूटरवर तिला टपरीपाशी सोडलं. म्हणाली, 'तिला मी उद्या सांगणार आहे, तू मधे तोंड घालू नकोस.' दुसऱ्या दिवशी ती..." त्याने तोंडावर हात फिरवला. "मी काय सांगायचं होतं तुला? की तुझं परदेश आईने बुडवलं? तू चिडली असतीस, आणि ती उत्तर द्यायला नव्हती. आणि मी तिला तीन जिने चढवले, हे सांगायचं होतं?"

मला वाटतं, मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. नक्की आठवत नाही. आई चष्मेवाल्याकडे गेलीच नव्हती. दोरा तिच्या चष्म्याला तसाच होता. मी तो पाहिला होता.

६

"तिला मला जाऊ द्यायचंच नव्हतं," मी भिंगकाकांना म्हणाले. आम्ही तिच्या टपरीत बसलो होतो. मी तिच्या खुर्चीत बसले नाही. गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले. "तोंडाने 'जा' म्हणाली. फॉर्मसुद्धा स्वतः भरून दिला. आणि माझ्याच सहीने..."

आवाज चढला होता. जी माणसं मेलेली असतात त्यांच्यावर चिडणं सोपं असतं, आणि फार वाईट.

काकांनी मला बोलू दिलं. मग म्हणाले, "पोरी, या फुटपाथवरून बाईंनी शेकडो लोक परदेशी धाडले. एकालाही 'नको जाऊ' म्हणाल्या नाहीत. तरी एक वेळ मानू, स्वतःच्या लेकीचं वेगळं. मग मला सांग, अडवायचं असेल तर माणूस काय करतो?"

"हेच."

"नाही. काहीच करत नाही. गप्प बसतो. तुझा अर्ज नाकारलाच जाणार होता."

मी स्टूल मागे सरकवलं.

"तुझ्या मालकांना मी मघाशी फोन केला. तुझ्यासमोर ते बोलले नसते. व्हिसा केंद्राने त्यांना विचारलं होतं, ही मुलगी नक्की कधी रुजू झाली? हजेरीच्या नोंदी पाठवा. ते घाबरले, तुला फोन लावला, तो बाईंनी घेतला. बाईंनी एवढंच विचारलं, 'पत्रात कुठली तारीख लिहिलीत तुम्ही?' त्यांनी सांगितली. त्या बाईंचं आयुष्य तारखा जुळवण्यात गेलेलं. त्यांना किती वेळ लागला असेल?"

रस्त्यावरून एक ट्रक गेला. टपरीचा पत्रा थरथरला.

"तरी त्यांनी तुला एक संधी दिली असणार," काका म्हणाले. "कधीतरी, सहज बोलता बोलता. विचारलं होतं का काही?"

तू लॅबमध्ये लागलीस, तेव्हा माझा हात प्लॅस्टरमध्ये होता ना गं?

"विचारलं होतं," मी म्हणाले.

"आणि तू?"

"खोटं बोलले. तिला खरं माहीत असताना, कागदातलीच तारीख धरून."

भिंग त्यांच्या छातीवर लोंबत होतं. ते त्यांनी खिशात टाकलं. "अख्ख्या प्रकरणात खोटा कागद एकच आहे. हे पत्र नाही. तुझं अनुभवपत्र. मजकूर गिऱ्हाइकाला वाचून दाखवल्याशिवाय सहीच्या कागदावर छापायचा नाही, हा बाईंचा नियम. एकतीस वर्षांत तो एकदा मोडला. व्हिसा केंद्राचा निर्णय कुठल्याही दिवशी आला असता, आणि मग दहा वर्षं."

सगळ्या रहस्यकथांत मी सांगणाऱ्यावर आधी संशय घेते. इथे मी स्वतःला सोडून सगळ्यांवर घेतला.

तर आता सांगते. डिप्लोमा झाला त्याच महिन्यात आई पाय घसरून पडली आणि तिचं मनगट मोडलं. हाड नीट बसलं नाही, पुन्हा मोडून बसवावं लागलं. टपरी बंद ठेवली असती तर जागा गेली असती. लॅबची नोकरी पुढे ढकलून मी तिच्या खुर्चीत बसले. तेरा महिने. ती शेजारी स्टुलावर, प्लॅस्टरमधला हात मांडीवर, आणि मी लोकांचे अर्ज छापत होते. लॅबमध्ये लागल्यावर कोणी विचारलं की आई काय करते, तर मी म्हणायचे, "कचेरीत असते." पाच वर्षांना जे तेरा महिने कमी पडत होते, ते हेच. मी ते लॅबच्या खात्यावर चढवले. सर म्हणाले, "एवढ्या-तेवढ्याने काय होतंय." मीही तेच म्हणाले.

एकदा त्या तेरा महिन्यांत माझ्या वर्गातल्या दोघी समोरून येताना दिसल्या. मी खाली पडलेला कागद उचलायला म्हणून टेबलाखाली वाकले आणि त्या जाईपर्यंत तिथेच राहिले. वर आले तेव्हा आई दुसरीकडे बघत होती. खाली कागद पडलेला नव्हता, हे तिला दिसलं असणार. तिने कधी विषय काढला नाही.

७

"आता पाचवा कागद," काका म्हणाले. "तो हरवला नसणार. बाई कागद हरवत नसत."

माझे घरातले खण उपसून झाले होते. तिची पर्स, पाकिटं, चष्म्याचं घर.

"पर्समध्ये कशाला शोधतेस? बाई कागदाची घडी घालायच्या?"

नाही. घडी पडली की कागद उतरतो, असं ती म्हणायची. गिऱ्हाइकाने खिशातून चौपदरी प्रमाणपत्र काढलं की तिचा चेहरा दुखल्यासारखा व्हायचा. मोठा कागद, घडी न घालता, टपरीत ठेवायचा तर कुठे?

टेबलावर रेक्झिन पसरलेलं होतं, कडांना टाचण्या. एका बाजूच्या दोन टाचण्या नव्या, चकचकीत होत्या. मी त्या नखाने काढल्या. रेक्झिन उचललं.

कागद सपाट पडला होता. खाली माझी सही, आणि तिच्या वर आईने छापलेला मजकूर, सहीच्या वर दोन बोटं जागा सोडून थांबलेला. नव्या अर्जासोबत जोडायचं पत्र. तारखेची जागा रिकामी. बाजूला पेन्सिलीने लिहिलेलं, 'पाच वर्षं भरल्यावर. अजून बारा महिने.'

'लॅबमध्ये रुजू होण्यापूर्वी तेरा महिने मी दातांचे काम केलेले नाही. त्या काळात मी'

पुढे टिंबांची एक लांब ओळ. ओळीच्या सुरुवातीला पेन्सिलीची बारीक फुली.

"अर्धवट राहिलं," मी म्हणाले.

"अर्धवट नाही." काकांनी प्रथमच माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तू इथे बसली होतीस ना तेरा महिने? मग गिऱ्हाईक कारण सांगायला लाजत असेल, तर बाई काय करायच्या?"

ती काय करायची, ते मला माहीत होतं. ओळ रिकामी सोडायची. कारण ज्याचं त्याने सांगायचं, आपण त्याच्या तोंडात घालायचं नाही, असं तिनेच मला शिकवलं होतं. पहिल्याच आठवड्यात.

उद्या सकाळी लवकर ऊठ. बोलायचंय. कामाचं आहे.

ती मला रागावणार नव्हती. ती विचारणार होती, इथे काय लिहू?

८

खोटं अनुभवपत्र मी फाडून टाकलं. सरांनी खऱ्या तारखेचं नवं दिलं, मान खाली घालून. परदेशातल्या लॅबला मी सगळं कळवलं; ती जागा गेली. बारा महिन्यांनी दुसऱ्या एका लॅबने विचारलं. फॉर्म मीच भरला, तिच्या टपरीत बसून. दादा मुलाखतीला सोबत आला. लिफ्ट चालू होती, तरी आम्ही दोघे जिन्याने चढलो. न ठरवता.

काचेपलीकडे एक अधिकारी बाई होती. तिने फाइल एकेक पान करून उलटली आणि पाचव्या कागदापाशी थांबली. टिंबांची ओळ तशीच रिकामी होती. मी ती भरून आणली नव्हती. अनेकदा पेन टेकवलं, पण ते लिहून भागणार नव्हतं.

"इथे तेरा महिने मोकळे आहेत," ती म्हणाली. "काय करत होतात?"

मी बोलले. मला वाटलं, मी बोलले.

तिने कानाजवळ हात नेला. "काचेतून ऐकू येत नाही. जरा मोठ्याने."

माझ्या मागे रांग होती. पंधरा-वीस माणसं, मांडीवर फायली घेऊन बसलेली. बाकाच्या टोकाला दादा.

"आईच्या टपरीत बसत होते," मी म्हणाले. हॉलमधली कुजबुज थांबली. मी आवाज खाली येऊ दिला नाही. "फुटपाथवर. ती लोकांचे अर्ज लिहायची. तिचा हात मोडला होता, म्हणून तेरा महिने मी लिहिले. ती माझ्या शेजारी बसायची. मला तिची लाज वाटायची, म्हणून मी हे कधी कोणाला सांगितलं नाही. लाज वाटायची, हे तिलाही नाही. सगळं काम मी तिच्याकडूनच शिकले."